गावची जमीन, शहरातला पगार आणि आयकराचा हिशेब

शाहूवाडी : कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता बांबवडे आणि मलकापूर मागे टाकून आंबा घाटाला भिडतो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या शाहूवाडी तालुक्यात सखल भागात ऊस, डोंगरकपारीत भात आणि नाचणी पिकते. नोकरीसाठी मुंबई-पुण्यास गेलेल्यांची संख्याही येथे मोठी आहे. सातबारा गावात आणि पगार शहरात, अशी अनेक घरांची स्थिती असते. वडिलोपार्जित जमिनीचा विषय अशा घरांत गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुटीत निघतो आणि पुढच्या सुटीपर्यंत लांबणीवर पडतो.

गेल्या काही वर्षांत मात्र तो लांबणीवर टाकणे अवघड झाले आहे. मिऱ्या-नागपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ च्या रुंदीकरणासाठी रस्त्यालगतच्या जमिनी संपादित झाल्या. आंबा परिसरात पर्यटकांसाठी निवासस्थाने उभी राहिली. रस्त्याकडेच्या तुकड्यांना गिऱ्हाईक येऊ लागले. पैसा हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो आयकराचा. ‘शेतीला कर नसतो’ हे त्यावरचे पारावरचे उत्तर निम्मे बरोबर आहे. नोटीस येते ती उरलेल्या निम्म्याची.

करमुक्ती कोठून आली?

शेती उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, याचे मूळ राज्यघटनेत आहे. सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत ‘शेती उत्पन्नाव्यतिरिक्त’ उत्पन्नावरील कर हा केंद्राचा विषय आहे, तर शेती उत्पन्नावरील कर राज्यसूचीत आहे. ही विभागणी ब्रिटिश काळापासूनची असून १८८६ च्या आयकर कायद्यानेच शेती उत्पन्न वगळले होते. आयकर कायदा १९६१ मध्ये कलम १०(१) नुसार ते करमुक्त ठेवण्यात आले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा २०२५ हा नवा कायदा असून त्यातही हे तत्त्व कायम आहे. कलमांचे क्रमांक मात्र बदलले आहेत. या लेखातील क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत, कारण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाची विवरणपत्रे, नोटिसा आणि अपिले त्याच क्रमांकांनी चालतात.

करमुक्त उत्पन्नही मोजले जाते

शहरातील पगारदाराला नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते. डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये शेती आणि बिगरशेती उत्पन्नाच्या अंशतः एकत्रीकरणाची शिफारस केली आणि १९७३ च्या वित्त कायद्याने ती अमलात आली. शेतीच्या उत्पन्नावर थेट कर लावावयाचा नाही, परंतु इतर उत्पन्नावर कोणत्या दराने कर लागेल हे ठरविताना ते गणतीत धरावयाचे, अशी ही पद्धत आहे. निव्वळ शेती उत्पन्न ५ हजार रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असेल, तर ती लागू होते. पाच हजारांची ही मर्यादा आजच्या भावात नाममात्रच म्हणावी लागेल; काही गुंठ्यांचा ऊसही ती ओलांडून जातो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरी करणाऱ्या व्यक्तीचे प्रमाणित वजावटीनंतरचे पगाराचे उत्पन्न १४ लाख रुपये आहे आणि गावच्या शेतीतील तिच्या वाट्याचे निव्वळ उत्पन्न ३ लाख रुपये आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीतील दरांनुसार केवळ पगारावरील कर ९० हजार रुपये होतो. शेती उत्पन्न विचारात घेताना प्रथम १७ लाखांवरील कर काढावा लागतो. तो १ लाख ४० हजार रुपये येतो. नंतर शेतीचे ३ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ४ लाख, अशा ७ लाखांवरील कर म्हणजे १५ हजार रुपये त्यातून वजा होतात. देय कर उरतो १ लाख २५ हजार. चार टक्के उपकर धरता ९३ हजार ६०० रुपयांऐवजी १ लाख ३० हजार रुपये भरावे लागतात. शेती करमुक्त राहिली, तरी पगारावरचा कर ३६ हजार ४०० रुपयांनी वाढला.

हे उत्पन्न दाखविलेच नाही तर? पगारदार सामान्यतः जो सोपा अर्ज (आयटीआर-१) भरतात, तो शेती उत्पन्न ५ हजार रुपयांहून अधिक असल्यास चालत नाही. त्यासाठी आयटीआर-२ भरावा लागतो. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांहून अधिक असल्यास जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हा तपशीलही द्यावा लागतो.

याउलट प्रकारही घडतात. इतरत्र मिळविलेला पैसा शेतीचा म्हणून दाखविला जातो. भारताच्या नियंत्रक व महालेखापालांच्या २०१९ च्या अहवालात, तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत पुरेशा कागदपत्रांविना शेती उत्पन्नाची करमुक्ती मान्य झाल्याचे नमूद होते. त्यानंतर अशा दाव्यांकडे अधिक बारकाईने पाहिले जाऊ लागले. याचा त्रास खऱ्या शेतकऱ्यालाही होतो. म्हणून साखर कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतील पट्ट्या, खते-बियाण्यांच्या पावत्या आणि पीकपाहणीची नोंद असलेला सातबारा जपून ठेवावा. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्याने कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते, याची नोंद शेतकऱ्याला स्वतःच करता येते. ज्या वर्षी उताऱ्यावर जमीन पड दिसते, त्याच वर्षी विवरणपत्रात सहा लाखांचे भात दाखविल्यास खुलासा करणे कठीण जाते.

शेती कोठे संपते?

दूध, कुक्कुटपालन, मत्स्यपालन हे शेतकऱ्याचेच उद्योग असले तरी आयकरात ते शेती उत्पन्न नाही. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न मात्र शेतीचे मानले जाते. कोल्हापुरी गुळाची गंमत वेगळी आहे. उसाला मूळ रूपातच बाजार असल्याने स्वतःच्या उसाचा गूळ करणाऱ्याच्या बाबतीत उसाचा बाजारभाव हा शेतीचा भाग आणि त्यावरील गुऱ्हाळाचा नफा हा व्यवसायाचा भाग, अशी विभागणी आयकर नियम १९६२ मधील नियम ७ च्या आधारे केली जाते.

कारखान्याकडून मिळणाऱ्या ऊसबिलाबद्दलही सभासदांच्या मनात शंका असते. सहकारी साखर कारखाने आणि आयकर विभाग यांच्यातील दीर्घकाळचा वाद कारखान्याच्या कराबद्दल होता. किमान दराहून अधिक दिलेला ऊसदर हा खर्च की नफ्याचे वाटप, हा त्यातील प्रश्न. २०१५ च्या वित्त कायद्याने शासनमान्य दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य झाली. जुन्या वर्षांचा प्रश्न मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात आला आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने २०१६-१७ पूर्वीच्या करनिर्धारण वर्षांनाही सवलत दिली. सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा, असा उल्लेख त्या अर्थसंकल्पात होता. ऊस पिकविणाऱ्या सभासदाच्या हातातील बिल या साऱ्या काळात शेतीचेच उत्पन्न होते.

आंबा परिसरात शेतघर पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. शेताला लागून असलेले, शेतकऱ्याने राहण्यासाठी किंवा धान्य साठविण्यासाठी वापरलेले घर वेगळे आणि पाहुण्यांकडून दिवसाचे पैसे घेतलेली खोली वेगळी. दुसऱ्याचे उत्पन्न व्यवसायाचे असून करपात्र आहे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची (जीएसटी) नोंदणीही घ्यावी लागते. स्वतःच्या जमिनीत पिकविलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती ही नोंदणी लागत नाही.

जमीन विकताना : कोणते मलकापूर?

ग्रामीण शेतजमीन ही आयकर कायद्याच्या दृष्टीने ‘भांडवली मालमत्ता’च नाही. त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ‘ग्रामीण’ म्हणजे काय, हे मात्र कायद्याने आकड्यांत सांगितले आहे. दहा हजार किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीत जमीन नसावी. शिवाय लोकसंख्या दहा हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंत असल्यास हद्दीपासून दोन किलोमीटर, एक लाखाहून अधिक ते दहा लाखांपर्यंत सहा किलोमीटर आणि त्यापुढे आठ किलोमीटरच्या आत ती नसावी. हे अंतर पूर्वी रस्त्याने मोजावे की सरळ रेषेत, यावर बरेच खटले झाले. २०१३ च्या वित्त कायद्याने ते हवाई अंतर असल्याचे स्पष्ट केले.

शाहूवाडी तालुक्यात नगरपालिका एकच, मलकापूरची. तिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून कमी आहे. म्हणजे मलकापूरच्या हद्दीतील शेतजमीनदेखील या निकषावर ग्रामीण ठरते. येथे एका नामसाधर्म्याने घोटाळा होऊ शकतो. कराडला लागून असलेले सातारा जिल्ह्यातील मलकापूर वेगळे, बुलढाणा जिल्ह्यातील वेगळे. त्या दोन्ही गावांनी दहा हजारांचा आकडा केव्हाच ओलांडला आहे. दस्तावर आणि विवरणपत्रात नुसते ‘मलकापूर’ न लिहिता तालुका व जिल्हा लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय.

कोल्हापूर शहराची गोष्ट निराळी. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात असल्याने तेथे सहा किलोमीटरचे वर्तुळ लागू होते. करवीर तालुक्यातील गावांत जमीन असलेल्यांनी व्यवहारापूर्वी हद्दीपासूनच्या अंतराचा दाखला घ्यावा. जनगणनेचे नवे आकडे प्रसिद्ध झाल्यावर अनेक लहान शहरांचा वर्ग बदलू शकेल, हेही ध्यानात ठेवावे.

जमीन अकृषक करून भूखंड पाडले, की ही सवलत संपते. चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकी असल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीबाबत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्क्यांनी हिशेब करण्याची मुभा असून, दोहोंपैकी जो कर कमी तोच भरावयाचा असतो. आजोबांच्या काळापासूनच्या जमिनीसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य हे खरेदीमूल्य म्हणून धरता येते. भूखंड पाडून सातत्याने विक्री केल्यास विभाग तो व्यवसाय मानू शकतो आणि मग दर व्यवसायाचा.

महामार्गाचा मोबदला

सक्तीच्या संपादनाबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतात. भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्वसाहतीतील उचित भरपाई व पारदर्शकता हक्क कायदा २०१३ हा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९६ नुसार निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ द्वारे, आयकर कायद्यात स्वतंत्र तरतूद नसली तरी ही सवलत मिळते, असे स्पष्ट केले.

राष्ट्रीय महामार्गाचे संपादन मात्र १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली होते. भरपाई ठरविण्याच्या २०१३ च्या कायद्यातील तरतुदी त्यास लागू झाल्या. पण कलम ९६ ची करसवलतही सोबत आली काय, यावर वाद झाले. सुदैवाने बहुसंख्य शेतकऱ्यांना त्या वादात पडण्याची गरज नाही. जमीन ग्रामीण शेतजमीन असेल, तर ती मुळात भांडवली मालमत्ताच नाही. उद्गम करकपातीच्या (टीडीएस) कलम १९४एलए मधूनही शेतजमीन वगळलेली आहे आणि येथे शहरी हद्दीतील शेतजमीनदेखील ‘शेतजमीन’च मानली जाते. म्हणजे शेतजमिनीच्या मोबदल्यातून दहा टक्के कापून घेण्यास आधार नाही.

अडचण येते ती रस्त्याकडेचे घर, दुकान किंवा अकृषक भूखंड गेला असेल तेव्हा. अशी भरपाई वर्षाला ५ लाख रुपयांहून अधिक असल्यास (३१ मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा अडीच लाख होती) दहा टक्के कपात होते आणि पॅन दिला नसल्यास वीस टक्के. निवाड्यात जमीन, बांधकाम आणि झाडे यांची रक्कम स्वतंत्र दाखविलेली असते. म्हणून निवाड्याची पूर्ण प्रत घेतल्याखेरीज हिशेबाला बसू नये. बँकेच्या पासबुकावरील एका ओळीवरून काहीच कळत नाही.

व्याजाचा मामला आणखी वेगळा आहे. महामार्गासाठी जमीन गेलेल्यांनाही सांत्वना रक्कम आणि व्याज मिळावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात दिला. तो केवळ पुढील प्रकरणांपुरता मर्यादित ठेवण्याची मागणी फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. परंतु भरपाईवरील किंवा वाढीव भरपाईवरील व्याज ज्या वर्षी हाती येते, त्या वर्षी ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र धरले जाते आणि त्यातून पन्नास टक्के वजावट मिळते. दहा वर्षांच्या लढाईनंतर एकरकमी १० लाख रुपये व्याज आल्यास ५ लाख रुपये त्या एकाच वर्षाच्या उत्पन्नात मिळतात. घनश्याम प्रकरणातील २००९ च्या निकालाचा आधार घेऊन असे व्याज हा भरपाईचाच भाग असल्याचा युक्तिवाद आजही केला जातो. पण कायद्यातील दुरुस्ती त्यानंतरची असल्याने त्यावर विसंबून व्याज विवरणपत्रातून वगळणे धोक्याचे आहे.

खाते एकाचे, हक्क अनेकांचे

सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी. मोबदला मात्र गावातील थोरल्याच्या खात्यावर, अशी व्यवस्था घरोघर दिसते. बाकीच्यांची संमतिपत्रे जोडली की कार्यालयाचे काम होते. आयकराचे होत नाही. कापलेला कर आणि मिळालेली रक्कम थोरल्याच्या पॅनवर चढते. त्याच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) ती संपूर्ण दिसते. तो शेती करणारा, विवरणपत्र कधी न भरलेला. नोटीस त्याच्या नावे निघते आणि उत्तर कोणी द्यायचे यावर भावाभावांत तंटा सुरू होतो. करापेक्षा हा तंटा महाग पडतो.

शक्य असेल तेथे प्रत्येकाचा हिस्सा निवाड्यातच स्वतंत्र दाखवून घ्यावा आणि रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर घ्यावी. ते झाले नसेल, तर कापलेल्या कराचे श्रेय हिश्शाप्रमाणे इतरांना मिळावे यासाठी कपात करणाऱ्या कार्यालयाकडे घोषणापत्र देण्याची तरतूद नियम ३७बीए मध्ये आहे. नंतरचे वाटप बँकेमार्फत आणि लेखी वाटपपत्रासह करावे. बहिणींचा हिस्सा विसरून चालणार नाही. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. बहिणीने मोबदला न घेता भावाच्या नावे हक्कसोडपत्र केल्यास भावाला त्यावर कर नाही, कारण भाऊ-बहीण ‘नातेवाईक’ या व्याख्येत येतात.

कर कापला गेला असेल आणि तो देय नसेल, तर परतावा मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. ३१ जुलैची मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. त्यानंतरच्या सुधारित (अपडेटेड) विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही. मग विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि त्यालाही पाच वर्षांची सीमा आहे.

इसाराची रोकड

साठेखताच्या वेळी लाखभर रुपये इसार रोखीने देण्याची रीत अजून गेलेली नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात आगाऊ रक्कम २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने घेतल्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. दोन्ही बाजूंना शेतीचेच उत्पन्न असून दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न करपात्र नसेल तरच सूट आहे. मुंबईचा पगारदार भाऊ विक्रेता असेल, तर ती त्याला लागू नाही. अन्य कोणतीही रक्कम एका व्यवहारात २ लाख रुपये वा अधिक रोखीने स्वीकारण्यास बंदी आहेच.

बांबवडे-मलकापूरच्या दुकानदारांसाठी अनुमानित कराची पद्धत सोयीची आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत आणि रोखीचा हिस्सा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ३ कोटींपर्यंत, रोख विक्रीच्या आठ आणि बँकेतून आलेल्या विक्रीच्या सहा टक्के नफा दाखविल्यास हिशेबाची पुस्तके ठेवण्याची सक्ती नाही. शेतीचे उत्पन्न आणि दुकानाची विक्री एकाच बचत खात्यात जमा करण्याची सवय मात्र सोडावी.

सल्लागाराकडे जाताना

अधिक परताव्याचे आमिष दाखवून खोट्या वजावटी भरणाऱ्यांविरुद्ध आयकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर तपासणी केली. अशा विवरणपत्राची जबाबदारी सही करणाऱ्या करदात्यावरच येते, भरून देणाऱ्यावर नव्हे. सनदी लेखापालाने दिलेल्या प्रमाणपत्रावर २०१९ पासून यूडीआयएन हा १८ अंकी क्रमांक बंधनकारक असून तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक स्वतःचाच असावा. गावातील वडीलधाऱ्यांच्या खात्याला सल्लागाराचा ई-मेल जोडलेला असल्याने नोटीस महिनोन्महिने न कळणे, हा आता नित्याचा प्रकार झाला आहे.

भेटीला जाताना ताजा सातबारा व आठ अ, फेरफार उतारे, निवाड्याची प्रत, कपातीचे प्रमाणपत्र, वाटपपत्र आणि तीन वर्षांची ऊसबिले सोबत न्यावीत. वारसनोंद राहिली असेल, तर आधी तलाठी कार्यालय गाठावे. मृत वडिलांच्या नावावरील जमिनीचा हिशेब सल्लागारालाही लावता येत नाही.